ओळीआधीचा श्वास

भोंगवलीच्या धनाजी साउंडच्या शेडमध्ये 'तारिणी' हे नाव शिवीसारखं वापरायचे. एखादा ट्रॅक जरा गोड झाला, की धनाजीदादा कानावरचा हेडफोन काढून म्हणायचे, "तारिणी झालीय ह्याची." विषय संपला. तो ट्रॅक पुन्हा कुणी वाजवायचा नाही.

आता तारिणी कोण हे कुणाला सांगायला नको, तरी सांगून ठेवलेलं बरं. मुंबईची मोठी गायिका. रिक्षात तीच, सलूनमध्ये तीच, लग्नाच्या हॉलात तीच. आणि तिला नाकं मुरडणारे हे गडी कोण, तर सारोळ्यापासून नसरापूरपर्यंत गावोगावच्या शेडमध्ये स्पीकरच्या भिंती रचणारे. ट्रॅक स्वतः बनवायचे, पेनड्राइव्हवरून हातोहात द्यायचे, आणि नेटवर टाकला की ट्रॅक मेला असं छातीठोक सांगायचे. गेल्या वर्षी विराज नावाच्या एकानं दोन भिंतींच्या मुकाबल्यात तारिणीचं धृपद वाजवलं, तर मधेच मिक्सर बंद केला त्याचा. बिचाऱ्याला अजून सगळे 'ए तारिणी' म्हणूनच हाक मारतात.

आणि अशा मंडळींत वरव्याच्या शेफालीला तारिणी जिवापाड आवडायची. कुणाला सांगते ती? दिवसभर कंपनीत पॅकिंगला जायची, सुटली की स्कूटी काढून शेडवर. आजवर तिनं अकरा ट्रॅक बनवले होते. प्रत्येकाच्या सुरुवातीला टॅग यायचा, म्हणजे ट्रॅक कुणाचा ते ओरडून सांगणारा आवाज: "धनाजी साउंड, भोंगवली." ट्रॅक शेफालीचे, नाव धनाजीदादांचं. तिला ते लई लागायचं. शेवटी एकदा धीर करून तिनं विचारलंच. दादा म्हणाले, "सारोळ्याच्या मुकाबल्यात तुझ्या ट्रॅकवर जिंकलो, तर तुझ्या नावाचा टॅग. शब्द दिला."

झालं. पोरीला झोप कुठली यायला. चार दिवस तिनं जे काही बनवलं ते तिचं तिलाच मचूळ वाटलं. पाचव्या दिवशी डबा खाता खाता ती तारिणीचं गाणं ऐकत होती, शंभरदा ऐकलेलं. आणि पहिल्या ओळीआधी तारिणी जो श्वास घेते ना, तो तिच्या कानात अडकला. आवाज नाही, शब्द नाही, नुसता श्वास. घाईतला, थोडा हसू दाबल्यासारखा. शेफालीनं तो कापून घेतला, फिरवून फिरवून लावला, त्याच्यावर हलगी चढवली, खाली बेस सोडला, आणि शेडच्या पत्र्यांना थरथर सुटली.

धनाजीदादा आतून धावतच आले. दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, "ह्यो श्वास कुणाचा गं?"

तोंडचं पाणी पळालं तिच्या. खरं सांगावं तर ट्रॅकही गेला आणि तीही गेली. तोंडाला येईल ते बोलली, "आमच्या ठकुआत्याचा. मिरची कांडत होती, तवा मोबाईलवर घेतला."

दादा असे खूश झाले की विचारू नका. आपल्या मातीतला श्वास, असल्या आवाजापुढं तारिणीनं पाणी भरावं, आणखी काय काय. ते ऐकताना शेफालीला हसावं की रडावं कळेना. आणि मग दादांनी वर कळस चढवला. "एक काम कर. बेस पडायच्या आधी सगळं बंद. हलगी बंद, सगळं. आत्याचा नुसता श्वास ऐकू दे लोकास्नी. आन् आत्यास्नी मुकाबल्याला आण. शाल-नारळ देऊ."

"कशाला दादा, एवढं..."

"कशाला म्हंजी? मान हाय त्यांचा."

नाही म्हणायला तिच्याकडं कारणच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगता येत नव्हतं.

रविवारी दुपारी सारोळ्याच्या मोकळ्या रानात दोन भिंती समोरासमोर उभ्या राहिल्या. एक धनाजीदादांची, एक सारोळ्याच्या इंद्रजितची. मधे चारशे माणूस. नियम सोपा: तीन फेऱ्या, आणि माणसं ज्या भिंतीकडं सरकतील तिची फेरी. पहिली दादांनी मारली. दुसरीत इंद्रजितनं असा काही बेस सोडला की पोटातलं पाणी हललं, अन् निम्म्याहून जास्त गर्दी तिकडं गेली. आता सगळं तिसऱ्या फेरीवर, आणि तिसरी फेरी शेफालीच्या ट्रॅकवर.

तिच्या छातीत हलगी आधीच सुरू झाली होती. शेजारी खुर्चीवर ठकुआत्या, अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ. आपल्याला कशाला बोलावलंय ते तिला अजून नीटसं उमगलं नव्हतं. दादा माईक घेऊन म्हणाले, "आता ऐका आमच्या ठकुआत्यांचा श्वास." लोकांनी टाळ्या पिटल्या. आत्यानं शेफालीकडं बघितलं. शेफालीनं लॅपटॉपकडं.

तिनं बटण दाबलं.

आणि काय सांगू महाराजा, रान पेटलं. हलगी आणि श्वास, श्वास आणि हलगी, पहिल्या मिनिटातच माणसं दादांच्या भिंतीकडं सरकायला लागली. धुरळा उठला. टोप्या उडाल्या. कुणी खांद्यावर, कुणी टेम्पोच्या टपावर. इंद्रजित स्वतः मिक्सर सोडून दोन पावलं पुढं आला होता. शेफाली सगळं विसरली, खोटं विसरली, आत्या विसरली. हे आपलं आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग हलगी थांबली. सगळं थांबलं. रानात चिडीचूप. त्या शांततेत एवढ्या मोठ्या भिंतीतून तो एकच श्वास आला, उघडावाघडा.

आणि चारशे माणसांनी पुढची ओळ म्हटली.

तारिणीच्या गाण्याची पहिली ओळ. एका सुरात, शब्द न् शब्द बरोबर. कुणी ठरवलं नव्हतं, तोंडं आपोआप उघडली. इंद्रजितचं उघडलं. विराजचं तर उघडलंच. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी, चालू माईकवरून धनाजीदादांचा आवाज, डोळे मिटून, हरकतीसकट.

बेस पडला, पण नाचलं कुणीच नाही. आपण हे काय करून बसलो, असा चेहरा करून माणसं एकमेकांकडं बघत होती. दादांनी हात वर केला. शेफालीनं ट्रॅक थांबवला.

ठकुआत्याचा आवाज तेवढा ऐकू आला. "अगं, ह्यो माजा श्वास न्हाई. माज्यात दम्याची शिट्टी असती."

दादा शेफालीजवळ आले. माईक हातात तसाच, चालूच. "कुणाचा श्वास ह्यो?"

"तारिणीचा, दादा."

"मग खोटं का बोललीस?"

शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान तिनं खाली घातली नाही. "खरं सांगितलं असतं तर वाजवला असतात का तुमी?"

"न्हाई," दादा म्हणाले.

सगळ्या रानानं ते ऐकलं. एवढ्यात समोरच्या भिंतीकडून इंद्रजित ओरडला, "पर दादा, तुमाला हरकतीसकट येतंय की ओ."

हसू फुटलं ते आधी मागं कुठंतरी, मग पुढं, मग सगळीकडं. दादांचे कान लालबुंद झाले. "तूबी म्हणत हुतास," ते इंद्रजितला म्हणाले, "बघितलं म्या." मग विराजकडं वळून बघितलं, जरा जास्तच वेळ. विराज गालातल्या गालात हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

शेफाली लॅपटॉपची वायर काढायला लागली. जायचंच असेल तर हाकलायच्या आधी गेलेलं बरं, असं तिनं ठरवलं होतं. दादांनी तिचा हात धरून तो परत बटणावर ठेवला आणि माईक तोंडाजवळ घेतला.

"ही शेफाली," ते म्हणाले. "वरव्याची. चोरटी हाय."

मग तिच्याकडं वळले. "परत लाव. पयल्यापासनं."

ती फेरी कुणी जिंकली हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. समोरच्या भिंतीपाशी एक माणूस उरला नव्हता, इंद्रजितसुद्धा. श्वासाची जागा आली की सगळे ओरडून ओळ म्हणायचे आणि मग बेसवर तुटून पडायचे. ठकुआत्यानं शाल कमरेला खोचली आणि नारळ शेजारच्याच्या हातात दिला.

मिक्सरवर रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. शेफालीनं घरी जाऊन त्यातला दादांचा आवाज तेवढा कापून घेतला. आज सारोळ्यापासून नसरापूरपर्यंत तिचा कुठलाही ट्रॅक लागला, की आधी धनाजीदादा बोलतात, "ही शेफाली. वरव्याची. चोरटी हाय." आणि लोक भिंतीकडं धावत सुटतात.

शेवटचे दोन शब्द काढून टाकूया का, असं दादांनी मधे एकदा तिला हळूच विचारलं होतं. ती नाही म्हणाली.