थॉर्नबेक क्लबची न घासलेली किटली

मित्रांनो, मला हात लावण्याआधी एक ऐकून घ्या. मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे, अख्ख्या फुटबॉल संघाचा चहा पोटात मावेल एवढी, आणि मला आतून घासलेलं खपत नाही. बाहेरून खुशाल चकचकीत करा. आतला चहाचा काळा थर मात्र राहू द्या. आमच्याकडे किटली नुसती विसळतात. थर जाड तर चहा चवदार, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. तिथून थॉर्नबेक गावच्या क्लबने मला आणलं आणि खेळाडूंच्या खोलीत नळाशेजारची फळी मला कायमची मिळाली. शनिवारी मध्यंतराला चिखलाने माखलेले गडी आत आले की मी त्यांना गरम चहा द्यायचे. मला भरायची एल्सी. क्लबचं चहापाणी तिच्याकडे असे. बाई तोंडाने फटकळ, पण साखर सढळ हाताने घालायची.

माझ्या पोटावरचा हा पोचा दिसतोय ना? तो मॅकॅलिस्टर साहेबांनी दिलेला. ते तेव्हा संघाचे व्यवस्थापक होते, सगळे त्यांना बॉस म्हणत. संघ मागे पडला की ते हाताला लागेल ते फेकत. एकदा मीच हाताला लागले, तीही भरलेली. क्लिफ ओग्डेनच्या कानाजवळून गेले आणि भिंतीवर आदळले. क्लिफ बचावफळीत नुकताच आलेला उंचाडा गडी. त्याने मला उचललं, कोपऱ्यातून झाकण शोधून बसवलं आणि म्हणाला, "बॉस, फेकायचीच होती, तर आधी आमचा चहा तरी होऊ द्यायचा!"

सगळे गडी बॉसकडे बघायला लागले. मग मॅकॅलिस्टर साहेबच हसायला लागले. तो सामना आम्ही जिंकलो आणि त्या दिवसापासून मी शुभ ठरले. संघाचं नशीब माझ्या आतल्या थरात आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि तो नियमच होऊन बसला. कप्तान बदलले, गणवेश बदलले, पण मला आतून कुणी हात लावला नाही.

क्लिफ आमच्याकडे बरीच वर्षं खेळला. मोठ्या क्लबने त्याला कधी बोलावलं नाही. एका हिवाळ्यात गोठलेल्या मैदानावर त्याचा गुडघा फिरला आणि खेळणं संपलं. मग तो दुधाची गाडी चालवायचा. पुढे संघाची पार दैना झाली आणि व्यवस्थापक व्हायला कुणी तयार होईना. तेव्हा क्लबचे अध्यक्ष हॅलम त्याच्याकडे गेले. ते गावचे खाटीक.

"क्लिफ, पगार बेताचाच आहे. पण रविवारचं मटण माझ्याकडून."

"नुसती हाडं नकोत हं," क्लिफ म्हणाला आणि आला.

बॉस झाल्यावर तो मध्यंतराला स्वतः चहा ओतायचा. प्रत्येकाची साखर त्याला पाठ होती. कप भरता भरता ज्याला जे सांगायचं ते हळूच सांगायचा. तो ओतायला लागला की मला फार बरं वाटायचं.

मग तो मोसमाचा शेवटचा शनिवार उजाडला. हरलो तर लीगमधून बाहेर, आणि बाहेर पडलो की क्लबला टाळं. बरोबरी झाली तरी वाचणार होतो. काळजीने एल्सीचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात रिकामे नकोत म्हणून तिने खिडक्या पुसल्या, कप घासले, ताटल्या घासल्या आणि त्याच भरात सोडा टाकून मलाही आतून लख्ख घासलं. मग माझ्यात डोकावली आणि मटकन खाली बसली.

"अगं बाई! हे काय करून बसले मी!"

क्लिफ दारातच होता. "ऊठ, एल्सी," एवढंच म्हणाला.

मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. क्लिफ ओतत होता आणि गोलकीपर डंकनने कपात बघितलं.

"हा चहा आहे की भांड्यांचं धुवण?" त्याने माझं झाकण उचललं. "मेलो! किटली घासलीय रे कुणीतरी!"

"संपलं. आता काही खरं नाही," दुसरा कुणी म्हणाला.

"ज्याने घासली त्याला मैदानात पुरा!"

एल्सी गड्यांसाठी संत्र्यांच्या फोडींचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि पुढे झाली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात क्लिफ बोलला.

"मी घासली."

"तुम्ही, बॉस? का?"

"का म्हणजे? ही बया माझ्या डोक्यात बसता बसता राहिली होती. केव्हाचा राग होता, आज काढला. हरलात तर गावभर सांगा, ओग्डेनने किटली घासली म्हणून हरलो. शिव्या द्यायला लोक माझ्या दारात येतील, तुमच्या नाही. आता निवांत खेळा. आणि डंकन, ते धुवण पी आधी, गार होतंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. गडी बाहेर गेले. मला फळीवरून मैदान दिसत नाही, मी लोकांच्या ओरडण्यावरून ओळखते. बराच वेळ काही नाही. मग असा गलका उठला की माझं झाकण वाजलं. बरोबरी! आम्ही वाचलो. एल्सी मला पोटाशी धरून ढसाढसा रडली.

पण क्लिफने किटली घासल्याची गोष्ट गावभर झाली होती आणि गाव ती विसरलं नाही. पुढच्या मोसमात संघ हरायला लागला, तशी प्रेक्षकांतून हाक यायची, "ए किटलीघाशा, घरी जा!" नाताळाआधीच हॅलम साहेबांनी क्लिफला काढलं. एल्सी खरं सांगायला निघाली, तर त्याने तिला अडवलं. "तुला या गावात रोज बाजाराला जायचंय. मला शिव्यांची सवय आहे. चहा टाक." तो चहा पिऊन तो गेला.

पुढे माझ्यात थर पुन्हा जमला आणि आता मी क्लबच्या काचेच्या कपाटात असते. खाली पाटी आहे, 'ओग्डेनने घासलेली किटली'. लोक वाचतात आणि हसतात. एल्सी आता या जगात नाही, म्हणून आज बोलले. क्लिफ आहे. थकलाय, काठी घेऊन चालतो. शनिवारी येतो, कपाटासमोर उभा राहतो, स्वतःवरची पाटी वाचतो आणि प्रेक्षकांत जाऊन बसतो.

मित्रांनो, काचेत ठेवलं म्हणजे किटली सांभाळली असं होत नाही. ती पाटी काढा. मला बाहेर काढा, विसळा, घासू नका. आणि या शनिवारी तो आला की माझ्यातला चहा त्याला द्या. इतकी वर्षं सगळ्यांना त्यानेच ओतून दिला. त्याला साखर तीन चमचे लागते.