दोकोचा बांबू

आमच्या तिठ्यावर पाऊस पडून गेला की नाक्यावरचा दोको राजधानी बांगीच्या रस्त्यावर बांबू आडवा टाकतो. टाकतो कसला, टाकायचा. सहा तास ट्रक बंद. ओल्या लाल मातीवरून ट्रक गेले तर रस्त्याची वाट लागते, म्हणून सरकारचा नियम.

त्या सहा तासांवरच माझी खाणावळ चालायची. अडकलेले ड्रायव्हर जाणार कुठे? माझ्या बाकावर बसून कसाव्याच्या पिठाचा गोळा नि सुक्या माशांचं कालवण खायचे, वर दोकोला शिव्या घालायचे. मी पातेलं ढवळत ओरडायचे, "दोको, सोडू नकोस रे मेल्यांना! अजून निम्मं पातेलं शिल्लक आहे!" अकरा वर्षं हीच थट्टा. तो हसायचा नि मनगटावरचं घड्याळ बघायचा. पाच मिनिटंसुद्धा आधी त्याने कधी बांबू उचलला नाही.

त्या दिवशी सकाळी दहाला पाऊस थांबला. माझी लेक सिदोनी सिमेंटच्या ट्रकवर चढून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बांगीत तिची नर्सिंगची परीक्षा, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. बांगी अठरा तासांवर; ट्रक चारला सुटला असता तर परीक्षा हुकलीच असती. छोट्या गाड्यांना बंदी नसते, पण त्या दिवशी मेली एकही फिरकेना.

मी हात पुसत दोकोकडे गेले.

"दोको, तेवढा एक ट्रक सोड."

"किती वाजले?"

"बारा."

"मग चारला ये."

"अरे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"आणि तुझं पातेलं गं? निम्मं शिल्लक असेल ना?"

मला रडूच फुटलं. भर रस्त्यात मी त्याचे पाय धरले.

"ऊठ गं बाई, लोक बघतायत," तो म्हणाला, आणि बांबू दाबून धरणारा टोकावरचा दगड खाली काढून त्याने बांबू उचलला.

एक ट्रक सुटलेला बघून बाकावरचे सगळे ताटं टाकून पळाले. दोको हात पसरून आडवा उभा राहिला, पण ऐकतंय कोण! नऊच्या नऊ ट्रक गेले. शेवटचा पुलाअलीकडे रुतला नि रस्ता दोन आठवडे बंद पडला.

सिदोनी पास झाली. दोकोची नोकरी गेली.

आता बांबू कुणी दुसराच टाकतो. दोको माझ्या बाकावर बसतो. मी न विचारता ताट वाढते, तो जेवतो. पाऊस थांबला की मात्र घड्याळ बघतो. परवा सवयीने ओरडायला मी तोंड उघडलं, आणि गप्पकन मिटलं.

"ओरड की," खाली मान घालून तो म्हणाला, "अजून निम्मं पातेलं शिल्लक आहे."