दुसरा टेक

लहानपणी सिनेमात रडताना छकुलीच्या डोळ्यांत कुणी ग्लिसरीन घातलं नाही. गरजच पडली नाही.

मासिकाचं मुखपृष्ठ. दोन वेण्या, गालावर एक थेंब.

पंधराव्या वर्षी ती चार बोटं वाढली आणि फोन वाजायचे थांबले.

डबिंगची, भिंतींना स्पंज लावलेली बंद खोली. बेचाळीस वर्षांची छकुली माईकसमोर चार महिन्यांच्या बाळाचं रडणं रडते आहे. काचेपलीकडचा म्हणतो, "जरा भूक लागल्यासारखं रडा ना, ताई."

लहानपणी एकदा मावशीने शाळेतून बाहेर बोलावून सांगितलं, "तुझे बाबा गेले गं." छकुली मागे वळली आणि कॅमेरा कुठे लावलाय ते शोधू लागली.

कारण रडायचा शॉट आला की आई तिच्या कानात नेमकं हेच सांगायची. शॉट संपला की म्हणायची, "खोटं गं वेडे, घरी पेपर वाचत बसलेत." दहाव्यांदाही छकुली टाहो फोडायची, कारण आईचा चेहरा दर वेळी खरा असायचा. काय नटी होती ती बाई! फुकट गेली.

आज सत्तावीस वर्षांनी छकुली पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभी होती. काम आईचं. तीन प्रसंग, त्यातला मोठा हाच: मुलगी दाराशी रडते, आई तिला जवळ घेते. मुलगी सहा वर्षांची आणि काही केल्या रडेना. ग्लिसरीन घातलं तर तिने डोळे चोळून मेकअप घालवला. चिमटा काढला तर खिदळली.

दिग्दर्शकाचं डोकं फिरलं होतं. "जागा पाचपर्यंतच आपली आहे. ही नाही रडली तर प्रसंगच उडवतो."

"मग माझे उरलेले दोन?"

"त्यात तुम्ही पाठमोऱ्या आहात, ताई."

मुलीची आई पुढे झाली. "तुम्हीच बघा ना काहीतरी. तुमचे सिनेमे बघूनच हिला यात घातलं."

"मी काहीही सांगितलं तर चालेल?"

"काहीही सांगा. मी बाहेर बसते." आणि ती गेलीसुद्धा.

मुलीचा बाप मालवाहू जहाजावर होता. छकुली गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानाशी लागली. "बाबांचं जहाज बुडालं, सोने. बाबा गेले."

मुलगी अशी रडली की दिवे धरणाराही खाली बघू लागला.

कट झाल्याबरोबर छकुलीने तिला पोटाशी घेतलं. "खोटं होतं गं! बाबा मस्त जेवत बसलेत." मुलगी हुंदके देत हसली आणि तिच्या खांद्यावर एक बुक्की मारली.

कॅमेरामन मान वर न करता म्हणाला, "फोकस गेला, साहेब. पोरगी पुढे सरकली."

पावणेपाच झाले होते. दिग्दर्शकाने नुसतं छकुलीकडे बघितलं.

एकाच दिवशी तेच खोटं दुसऱ्यांदा चालत नाही. अशा वेळेसाठी आईकडे आणखी एक वाक्य होतं. ते तिने एकदाच वापरलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस छकुली झोपलेल्या बाबांना हात लावून बघायची.

ती पुन्हा गुडघ्यांवर बसली.

"मघाशी 'खोटं होतं' असं म्हणाले ना मी? तू फार रडलीस म्हणून तसं म्हणाले. बाबा खरंच गेले."

या वेळी मुलीचा आवाज निघाला नाही. तोंड उघडं राहिलं आणि डोळे आपोआप वाहू लागले. छकुलीने ठरल्याप्रमाणे तिला जवळ घेतलं, आपलं वाक्य म्हटलं, आणि स्वतःचा चेहरा उजेडात यावा म्हणून हाताने मुलीचं डोकं किंचित बाजूला सारलं.

"ओके!" टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "छकुली ती छकुलीच!"

"बाबा आहेत हं," छकुली घाईने म्हणाली. "शप्पथ आहेत."

मुलीने मान डोलावली. मोठ्या माणसाचं मन राखावं तशी.

तिच्या आईने येऊन फोन लावला. जहाज भर समुद्रात होतं, फोन लागला नाही. "परवा जहाज बंदराला लागलं की बोलायचं हं," ती म्हणाली. मुलीने त्यालाही मान डोलावली.

सकाळी मेकअपच्या खोलीत मुलीने आपल्या हलणाऱ्या दाताला कुणालाच हात लावू दिला नव्हता, फक्त छकुलीला दिला होता.