ताकदीचा रंग निळा

अठ्ठावन्न सालची गोष्ट. रेडीच्या देवळापुढल्या मांडवात बायांची झुंबड होती, पण देवाकडे एकीचंही लक्ष नव्हतं. टेबलावर दोन पेले, पाठीमागे 'बालतेज' दूधभुकटीच्या डब्यांची उतरंड आणि मध्ये पांढऱ्या कोटातले पोषणतज्ज्ञ.

"माताभगिनींनो, हे शक्तिदर्शक औषध! अन्नात ताकद असेल तरच ते निळं होतं."

पहिल्या पेल्यात माझ्या शेजारणीनं, सुगंधानं, आडोशाला जाऊन काढून आणलेलं अंगावरचं दूध. थेंब पडला, दूध पिवळट झालं, एवढंच. दुसऱ्यात कालवलेलं बालतेज. थेंब पडताच निळंशार! टाळ्याच टाळ्या.

"पाणी आहे हो, बाई, तुमचं दूध," तज्ज्ञ हळहळले. हळहळण्याचा चांगला सराव असावा.

सुगंधाचा बाबू तीन महिन्यांचा, अंगानं किरकोळ. तिनं पदर घट्ट ओढून घेतला. "माझा दूध आजपासून बंद. डबोच देतलंय."

भुकेला बाबू पदराशी तोंड घाशीत रडू लागला. मीही तेव्हा अंगावर पाजत होते; ते ऐकून इकडे माझ्याच चोळीला ओल आली.

तेवढ्यात शाळेच्या जानकीबाईंनी औषधाची बाटली उचलून हुंगली. "अहो, हे टिंक्चर आयोडीन! पोरांच्या फुटक्या गुडघ्यांना मी रोज लावते." मग मासे विकून परतलेल्या हौसाबाईकडे वळल्या. "हौसाबाय, डब्यात पेज उरली आसा?"

निवलेल्या पेजेत थेंब पडला. पेज काळीनिळी!

"अगो बाय!" हौसाबाई ओरडली. "ह्येंच्या डब्यापरास माझ्या पेजेक ताकद जास्त! डाक्टरानु, वाटीभर घेतास? तोंड सुकला तुमचा."

मांडव हसून लोटपोट झाला.

"आयोडीन पिठानं निळं होतं," जानकीबाई म्हणाल्या. "तांदळानं, बटाट्यानंसुद्धा. आईच्या दुधात पीठ नसतंच. ह्यांच्या भुकटीत मात्र आहे. साहेब, तुम्हाला पगार कोण देतं?"

"कंपनी. पण सल्ला अगदी शास्त्रीय आहे!"

"वा! परीक्षा कंपनीची, परीक्षक कंपनीचा आणि पहिला नंबरही कंपनीच्याच डब्याचा!"

तज्ज्ञ डबे आवरू लागले. सुगंधाला त्याचं काही नव्हतं. ती देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पदराआडून बाबूचे घुटके ऐकू येत होते.

बायांनो, तुमच्यात उणं काय ते सांगणाराच भरपाईचा डबा विकत असेल, तर तो कुणाचं मीठ खातो हे आधी विचारा. उत्तर येईपर्यंत लेकराला उपाशी ठेवू नका.