पेडलवरचा पाय

राजमतीनं आप्पासोच्या पट्ट्याचा हूक पाळण्याच्या कडीत अडकवला आणि असा हिसका दिला, की तो एवढा आडदांड गडी धडपडत पुढं आला.

"वैनी, जरा दमानं की!"

"आमच्यात असंच तपासत्यात," ती म्हणाली.

आज परीक्षा होती. यंत्राच्या लांब हाताच्या टोकाला पाळणा, त्यात उभं राहून छतापर्यंत जायचं. असली लिफ्ट चालवायला कार्ड लागतं, आणि ते राजमतीच्या सहीशिवाय मिळत नाही. कार्ड नसेल त्यानं घरी बसावं, असा आप्पासोच्या कंपनीनं नवा नियम काढला होता. सुपरवायझरलाही सूट नव्हती. म्हणून सकाळीच तो नृसिंहवाडीच्या कवठाच्या बर्फीचा बॉक्स घेऊन हजर झाला होता. गडमुडशिंगीचाच माणूस, ती लग्न होऊन आली तेव्हापासून वैनी म्हणणारा.

"तेवढं सांभाळून घ्या, वैनी. ह्या वयात नोकरी गेली तर गावात तोंड कसं दाखवू?"

तोंड दाखवायची चिंता, आणि तीही तिच्यापुढं! राजमतीनं बॉक्स न उघडताच बाकीच्या शिकाऊ मंडळींकडं सरकवला होता.

अनेकांत हा तिचा नवरा. तो या आप्पासोच्याच हाताखाली असल्याच लिफ्टवर होता. पायाखालचं पेडल दाबून धरलं आणि हातानं लिव्हर ढकलली तरच पाळणा हलतो. पाय उचलला किंवा हात सोडला की जागच्या जागी थांबतो. पण सारखं पेडल दाबून पाय भरून येतो, काम रेंगाळतं. म्हणून आप्पासोनं पेडलवर वीट ठेवायची युक्ती काढली, आणि साइटवर तिचं मोठं कौतुक झालं. एक दिवस वर जाताना अनेकांतची नजर दुसरीकडं गेली. छताच्या लोखंडी तुळईनं त्याला लिव्हरवर दाबलं, आणि पाळणा वर वर जातच राहिला.

चौकशीत आप्पासो ढसाढसा रडला. "आमाला कुणी शिकवलंच न्हवतं, सायेब. विटंनं काय हुतंय, म्हाईतच न्हवतं." साहेबांना ते पटलं. गावालाही पटलं. आता तो भजनाला जायचा, लग्नांत पंक्ती वाढायचा आणि त्याची बायको विहिरीवर सांगायची, आमचं मालक पडल्या पडल्या घोरत्यात. राजमतीच्या डोक्यात ते घोरणं रुतून बसलं होतं. नवरा नेमका कशानं मेला हे तिला कुणी धड सांगेना, म्हणून ती हे काम शिकायला गेली आणि शिकता शिकता शिकवायला लागली.

याला नापास करायचं, हे तिनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. पण त्याआधी याला वर न्यायचं होतं.

"पेडल दाबा. चला वर."

पाळणा उठला. तुळई जवळ यायला लागली.

"पाय काढा."

त्यानं पाय काढला. पाळणा गपकन थांबला. तुळई अजून हातभर वर होती.

"परत."

खाली, पुन्हा वर. पाय काढा. परत. पुढच्या खेपेला तुळई जवळ आली तेव्हा राजमतीनं आपला बूट त्याच्या बुटावर ठेवला आणि अंगातलं सगळं वजन टाकलं.

"आता काढा."

"वैनी, पाय सोडा... वैनी!"

"काढा की. कोन नगं म्हणतंय?"

ती स्वतः वाकली होती. त्याचं हेल्मेट तुळईला खाडकन लागलं तशी त्यानं किंकाळी फोडून लिव्हर सोडली. पाळणा थांबला. खालून आरडाओरडा झाला. याचा हात धरून परत लिव्हरवर दाबावा, असं राजमतीला अगदी मनापासून वाटलं. तिचा हात उचललाही गेला. मग तिनं बूट बाजूला घेतला.

"तुमाला हात सोडता आला," ती म्हणाली. "आमच्या ह्यास्नी न्हाई आला. लिव्हरवरच दाबलं गेलं हुतं."

आप्पासोनं पाळणा थोडा खाली घेतला आणि पाय काढला. पाळणा थांबला. कुणी सांगितलं नसताना त्यानं परत पेडल दाबलं, परत पाय काढला.

"एवढंच?" त्याचा आवाज चिरकला. "नुसतं... पायच उचलायचा हुता?"

"वीट न्हवती पायजे. नुसता पाय पायजे हुता."

खाली आल्यावर त्याला हूक निघेना, तिनंच तो काढला. तो तिथंच यंत्राच्या चाकाला टेकून खाली बसला.

"वैनी, मला नापास करा. पाया पडतो तुमच्या. नोकरी जाऊ दे. मला हे म्हाईत नगं हुतं."

राजमतीनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. नापास झाला तर हा घरी जाईल, नोकरी गेली म्हणून चारचौघांत रडेल, आणि गाव पुन्हा याचीच कीव करेल. तिनं खिशातलं पेन काढलं आणि कार्डावर सही केली.

"आता सगळं म्हाईत हाय तुमाला, आप्पासो," ती म्हणाली. "पास."