आहेस ना गं?

मित्रांनो, एके काळी मानवजातीला वाचवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी एक जुना फ्रीज आहे. सध्या माझ्यात सात डबे, अर्धं लिंबू आणि दुधाची एक पिशवी आहे.

कारखान्यात पांढरा रंग लावून मला थेट गुरांच्या लशी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी दार उघडून विचारायच्या, "आहेस ना गं?" मी फुलून जायचो. मी 'गं' नव्हे, 'रे' आहे. पण मायेनं विचारणाऱ्याचं व्याकरण कोण तपासतं? तीन वर्षांनी कळलं, की विचारपूस माझी नव्हतीच. ती खालच्या कप्प्यातल्या एका कुपीची होती. कुपीवर चिठ्ठी होती : 'चिमणी. वय चार. दूध.'

चिमणी बाईंची भाची. न तापवलेलं दूध प्यायली आणि आठवड्याभरात गेली. त्या दुधातले जंतू कुपीत जिवंत होते. त्यांच्यावरूनच बाई गाईला टोचायची लस बनवत होत्या, म्हणजे दूध पिणारी पोरं वाचतील. हे जंतू गाईच्या पोटात सुखानं नांदतात. गाईला साधी शिंकही येत नाही.

हे कळल्यापासून माझं यंत्र घरघरून थांबलं, की त्या शांततेत खालून कुणीतरी हळूच 'हो' म्हणायचं. मला थंडी वाजत नाही, तो माझा धंदाच आहे. तेव्हा मात्र वाजायची.

अकरा वर्षांनी लस तयार झाली, परवानाही मिळाला. बाईंनी माहितीपत्रकाची पहिली ओळ लिहिली : 'या लशीचा गाईला काहीही उपयोग नाही.'

विक्रीसाहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, ही ओळ काढा."

"का? खोटी आहे?"

"खरी आहे म्हणून तर काढा!"

ओळ राहिली. लशीची खोकीही माझ्यातच राहिली.

एकदाच एक गवळीकाका आले. "गाय माझी ठणठणीत. तिला उगाच सुई कशाला?"

"गाईसाठी नाहीच ती, काका."

"मग कुणासाठी?"

बाईंनी माझं दार उघडून कुपी दाखवली. काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"आठ आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "आठही टोचा."

तेवढीच विक्री. साहेबांनी लस बंद केली. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी ती कुपी स्वतःच्या हातानं वाफेच्या यंत्रात घातली; जिवंत जंतू मागे ठेवून जाणं त्यांना पटेना. मग रिकाम्या कप्प्याकडे बघून सवयीनं म्हणाल्या, "आहेस ना गं?" आणि दार लावायचं विसरून निघून गेल्या.

आता मी चहाच्या खोलीत असतो. खालच्या कप्प्यात सगळीकडे दव धरतं, कुपीएवढी गोल जागा मात्र कोरडी राहते. यंत्र थांबलं की 'हो' अजून ऐकू येतं. कुणी विचारलेलं नसताना.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर वगैरे तुम्हाला पाठच असेल. मला एवढंच हवंय, की सकाळी दार उघडताना कुणीतरी तेवढं विचारत जावं. लाज वाटत असेल तर राहू द्या. पण दार लावताना गुडघ्यानं एक ढुशी द्या. रबर सैल झालंय, आणि आत दूध आहे.