प्रशासकाचा मऊ आवाज

पडद्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या वहिनीने धाकट्या नणंदेच्या कानीकपाळी ओरडून ओरडून तिला शेवटी एक कादंबरी फोनवर ऐकायला लावली. गोष्ट काळीकुट्ट. एका शहरात खिडक्या उघडायला बंदी असते, आणि रोज संध्याकाळी प्रशासक भोंग्यावरून लोकांना समजावत असतो. वाचणारा तर असा, की एकट्याच्या गळ्यातून अख्खं शहर उभं करतो.

"ऐकलीस का?" उघड्या खिडकीपाशी आपल्या मशीनमध्ये दोरा ओवत वहिनीने विचारलं.

शेजारी पडद्यांवर इस्त्री फिरवणारी नणंद खुलली. "ऐकली म्हणजे काय! तो प्रशासक किती मायेने बोलतो गं. बाकीच्यांची रडारड मी पुढे पळवते, त्याचंच तेवढं ऐकते."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बाई, तो माणसं गायब करतो!"

"करत असेल. पण तुझ्यासारखा आवाज चढवतो का कधी?"

"पालथ्या घड्यावर पाणी!" वहिनी करवादली. "लाव, आत्ताच्या आत्ता लाव. तो काय बोलतो ते नीट ऐक."

नणंदेने फोन मोठ्याने लावला. "खिडक्या लावून घ्या, लेकरांनो," तो मऊ आवाज म्हणाला, "बाहेर धूळ फार आहे."

कारखान्यातल्या गप्पा थांबल्या. सगळ्या बायका माना खाली घालून शिवू लागल्या.

"बघितलंस?" असं म्हणायला वहिनीने तोंड उघडलं, तेव्हा तिचा स्वतःचाच हात खिडकीच्या कडीवर होता, आणि कडी लागलेली होती.